पांढरी टाकी, निळं पाणी

आमच्या घरातली किरकोळ दुरुस्ती मी करतो असा एक समज आहे, आणि तो बाळगणारा घरात मी एकटाच आहे. इस्त्रीची वायर, देवघराच्या दाराची बिजागरी, मिक्सरचं बटण या सगळ्यांवरून माझा हात फिरलेला आहे. त्यातली इस्त्री आता दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून कामाला येते.

तर यंदाच्या आषाढात संडासाची टाकी भरायची थांबेना. पूर्वी परसात बसका संडास होता. बादली आणि पत्र्याचं टमरेल, त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा घरात कमोड आला आणि त्याच्या पाठीला ही पांढरी टाकी. भुदरगडातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पत्र्यावर रात्रभर असा काही कोसळतो की शेजारी लग्नाची वरात गेली तरी कळू नये. त्या आवाजात टाकीचा आवाज मुरून गेला. मग एका रात्री उघडीप झाली, पागोळ्याही थांबल्या, आणि तरी कुठूनतरी ‘सुंऽऽस’ चालूच. पाटगावला मौनी महाराजांचा मठ, तिथल्या धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव; तिथून वेदगंगेला लागलेलं पाणी गारगोटीत आमच्या संडासात येऊन मात्र रात्रभर बोलत होतं. सकाळी गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी, आई तोंडात मिसरी घेऊन चूळ भरायला मोरीत उभी, आणि नळाला नुसता वारा.

“अहो, प्लंबरला फोन करा,” ही म्हणाली.

“त्यात काय असतं?” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे खर्च या तीन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

टाकीचं झाकण काढून मी हिला आतली रचना समजावून सांगितली. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून जातं ना, तशी टाकीच्या पोटात एक उभी नळी असते. पाणी तिच्या तोंडाच्या वर चढलं की गुपचूप खाली भांड्यात उतरतं, त्यामुळे फरशी भिजत नाही आणि घरमालकाला पत्ताही लागत नाही. पाटगावचा सांडवा वाहू लागला की लोक गाड्या काढून बघायला जातात. आमचा सांडवा बघायला ही सुद्धा थांबली नाही. भाकरी करपत होती.

आता पाणी का थांबत नाही याची दोन कारणं संभवतात, असं मला मोबाइलवर समजलं. एक तर बॉल कॉक पाण्याची वाट नीट दाबत नाही, किंवा टाकीच्या बुडाचं रबर गळतं आणि टाकी बिचारी जन्मभर ते नुकसान भरून काढत बसते. नक्की कुठलं हे ओळखायचं तर टाकीत रंग टाकायचा; काही वेळानं तो भांड्यात उतरला तर रबर गेलं समजायचं. कपड्यांची नीळ हाताशी होती. मी ती सढळ हातानं ओतली, जरा वेळानं भांड्यात निळाई उतरलेली बघितली, आणि ‘रबर!’ असं जाहीर करून चहा प्यायला बसलो. आत कुणी जाऊ नये हे सांगायचं तेवढं राहिलं.

आईची किंकाळी वेशीपर्यंत गेली असावी. “आरं, माज्या पोटातनं निळं पडाय लागलंय!” काल खाल्लेल्या अळूच्या भाजीपासून ते वडिलोपार्जित दोषांपर्यंत सगळी कारणं तिनं तपासली, आणि कडगावच्या मावशीला शेवटचं भेटायला बोलवा असं म्हणत पलंगावर आडवी झाली. नीळ माझी आहे हे पटवायला मला बाटली दाखवावी लागली.

इतक्यात पुतण्या आला. तो इथेच मौनी विद्यापीठात स्थापत्याचा डिप्लोमा करतो. सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, “काका, टाकी वरून वाहत असताना रंग टाकला तर तो त्या उभ्या नळीतनंच खाली येणार. आधी पाणी बंद करायला लागतंय.”

म्हणजे प्रयोगातून काहीच सिद्ध झालं नव्हतं.

मग पाणी बंद करायला भिंतीतला अँगल कॉक धरला. बसवल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. पक्कड लावून जोर केला तर त्याची मूठ प्रेमानं माझ्या हातात आली आणि पाणी आपलं चालूच. म्हटलं, राहू दे. आमचे वडील हौदाच्या बॉल कॉकची पितळी दांडी हातानं किंचित खाली वाकवायचे, की पाणी बोटभर खालीच थांबायचं. मीही दांडी तशीच वाकवली. त्यांची पितळेची होती, माझी प्लास्टिकची निघाली. कट्ट असा आवाज झाला, पाण्याची चिळकांडी छतावर गेली, तिथून माझ्या चष्म्यावर आली, आणि मी गच्चीकडे पळालो. गच्चीवर पाइपांची जत्रा, प्रत्येकाला एकसारखी चावी. पहिली फिरवली तर खालून हिचा आवाज, दुसरी फिरवली तर भाडेकरूचा, तोही साबण लावलेल्या माणसाचा असावा तसा. शेवटी भिजतभिजत सगळ्याच बंद केल्या.

हार्डवेअरच्या दुकानात गर्दी होती. “बॉल कॉक द्या,” मी ऐटीत म्हणालो.

“कसला? पाणी बाजूनं येतंय का बुडातनं?”

“गच्चीवरनं,” मी म्हणालो.

दुकान शांत झालं. पोरानं दुसरा प्रश्न विचारला, “टाकी कसली हाय?” मी म्हणालो, “पांढरी.” त्यानं न बोलता एका प्लंबरचा नंबर लिहून दिला.

प्लंबर आला, त्यानं झाकण उचललं आणि बराच वेळ निळ्या पाण्याकडे बघत राहिला. “सर, काय करून ठेवलंयसा हे?” विषय बदलावा म्हणून मी त्याला सांगितलं, की १५९६ साली जॉन हॅरिंग्टन नावाच्या इंग्रज सरदारानं फ्लशच्या संडासावर अख्खं पुस्तक छापलं, पण तरंगत्या बुचानं पाणी आवरायची युक्ती त्याहून फार जुनी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनं पाण्याच्या घड्याळात वापरलेली.

“मग त्यास्नीच बोलवायचं हुतं की,” तो म्हणाला.

मोडक्या बॉल कॉकमधून त्यानं वायसर काढला आणि नखानं वाळूचा बारीक खडा टिपून माझ्या तळहातावर ठेवला. तो अडकल्यामुळे वाट पुरती बंद होत नव्हती. नुसता धुतला असता तरी भागलं असतं. खडा काढल्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत. मी मोडलेल्याचे घेतले. जाताना एवढंच म्हणाला, “गच्चीवरच्या चाव्यांवर नावं तेवढी घाला.”

हे काम मात्र माझ्या आवाक्यातलं. जन्मभर फळ्यावर सुविचार लिहिलेला माणूस मी. लाल ऑइल पेंट आणला आणि प्रत्येक पाइपाशेजारी भिंतीवर सुवाच्य अक्षरात ‘स्वयंपाकघर’, ‘मोरी’, ‘संडास’ असं रेखून काढलं. ही सुद्धा वर येऊन अक्षराचं कौतुक करून गेली. रंग वाळल्यावर खात्री करून घ्यावी म्हणून ‘संडास’ लिहिलेली चावी बंद केली, आणि भाडेकरू पुन्हा ओरडला.