टर्रर्र

चौथं मंगलाष्टक संपत आलं होतं. भटजी ‘सावधान’च्या आधीचा श्वास घ्यायला थांबले आणि मी अक्षता नीट पोचाव्यात म्हणून खुर्चीवरून उठलो. खुर्ची मात्र मला सोडायला तयार नव्हती. कार्यालयातली प्लॅस्टिकची खुर्ची ती; तिचा एक हात तडकून त्याला करवतीसारखे दाते आले होते, आणि त्या दात्यांनी माझ्या पँटीची मागची बाजू पकडली होती. सगळं कार्यालय चिडीचूप असताना आवाज झाला, टर्रर्र. ‘सावधान’ त्याच्यानंतर आलं.

‘काय रे, टरकली?’ शेजारच्या काकूंनी विचारलं.

त्या पँटीबद्दल विचारत होत्या की माझ्याबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही. उत्तर दोन्हीकडे ‘हो’ असंच होतं. उरलेलं लग्न मी सासऱ्यांचं उपरणं कमरेला गुंडाळून, भिंतीला पाठ लावून पाहिलं. वधूवरांना आशीर्वाददेखील भिंतीवरूनच दिला.

दुसऱ्या दिवशी रफूवाल्याकडे गेलो. त्याने पँट उलटी करून उजेडाकडे धरली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि डॉक्टरांच्या आवाजात विचारलं, ‘उसवली, विरली का टरकली?’

मी म्हटलं, ‘फाटली.’

‘ते दिसतंय,’ तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. ‘फाटली’ म्हणणं म्हणजे डॉक्टरांना ‘बरं नाही’ म्हणून सांगणं. उसवतं तेव्हा फक्त शिवणीचा दोरा जातो, कापड धडधाकट असतं. पाच मिनिटांचं काम, वीस रुपये. विरतं तेव्हा कापडच म्हातारं झालेलं असतं. बैठकीशी जाळी पडते, पलीकडचं दिसायला लागतं, आणि तिथे टाका घातला तर टाक्यासकट निघून येतो. अशी पँट तो हातात घेत नाही, फरशी पुसायला न्या म्हणतो. टरकतं ते मात्र चांगलं, अंगात जोर असलेलं कापड. त्याला कुणीतरी ओढलेलं असतं आणि त्याने जाता जाता आवाज केलेला असतो.

पण नुसता आवाज केला म्हणजे टरकलं असंही नाही. कापडाच्या दुकानात मांजरपाट घ्यायला गेलात तर दुकानदार कात्रीने बोटभर चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन दोन तुकडे करतो. कडा पट्टीने आखल्यासारखी निघते, कारण फाटणं एकाच धाग्याच्या कडेने सरळ चालत जातं. माझ्या पँटीत ही शिस्त नव्हती. फाटणं आधी उभ्या धाग्याने निघालं, चार बोटांवर त्याला कंटाळा आला, मग आडव्याने वळलं, पुन्हा वर गेलं, आणि वाटेत सगळीकडे दशा सोडत गेलं. शाळेच्या भूगोलात नॉर्वेचा किनारा ‘दंतुर’ आहे असं पाठ केलं होतं. दंतुर म्हणजे काय ते मला त्या रफूवाल्याच्या पाटावर कळलं. दोनतीन फ्योर्ड तर स्पष्ट दिसत होते.

‘कुणी टरकावली?’ त्याने पुढचा प्रश्न टाकला.

इथे मी अडकलो. मराठी व्याकरण गुन्हेगाराला फार सांभाळून घेतं. लहानपणी ‘शर्ट फाटला’ असं सांगत मी घरात शिरायचो. म्हणजे मी नुसता आत होतो, जे काय केलं ते शर्टाने. आई एका अक्षरात निकाल लावायची : ‘फाटला नाही, फाडलास.’ फाटणे-फाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे. ‘ट’चा ‘ड’ झाला की गुन्हा शाबीत. ‘उसवणे’ त्यातल्या त्यात सोयीचं, ‘शिवण उसवली’ म्हटलं की आपोआप की मुद्दाम, ते ऐकणाऱ्याने ठरवावं. ‘विरणे’ तर निष्पापच. पण टरकलेल्या वस्तूमागे टरकावणारा कुठेतरी असतोच, आणि तो ‘व’ मला कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता.

‘खुर्चीने,’ मी म्हणालो.

‘खुर्ची बसली होती का उठली?’

मी गप्प बसलो. त्याने दीडशे रुपये सांगितले, तेही मी मुकाट्याने कबूल केले.

घरी बायकोने खिशातली पावती काढून वाचली. वर माझं आडनाव होतं, आणि त्याखाली रफूवाल्याच्या वळणदार अक्षरात ‘टरकलेली, १ नग’.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘यात पँटीचा कुठे उल्लेखच नाही.’