चटकामीमांसा

१. निमित्त

आमच्या घरी सत्यनारायण होता. गुरुजींना दुसरीकडची पूजा आटोपून यायला उशीर होणार असे कळले, म्हणून आधी चहा फिरवला. माणसे बावीस आणि कप अठरा, तेव्हा शेवटच्या चौघांना स्टीलचे पेले मिळाले. त्यांतल्या एका काकांनी पेला आधी मुठीत धरला, मग दोन बोटांनी काठाला धरला, मग खिशातून रुमाल काढला आणि शेवटी पेला जमिनीवर ठेवून ते म्हणाले, "स्टील फार तापतं हो."

हे वाक्य घरोघरी रोज उच्चारले जाते. पण त्यावरचे एकही भाष्य प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

२. पूर्वपक्ष

"स्टील फार तापते." तीन शब्दांच्या या सूत्रात तीन चुका आहेत, म्हणजे शब्दागणिक एक. इतकी काटकसर सूत्रग्रंथांतही विरळाच. उत्तरपक्ष उलट्या क्रमाने मांडतो.

३. 'तापते' या पदाचे खंडन

तापमान वेगळे आणि उष्णता वेगळी. १७६० च्या दशकात ग्लासगोच्या विद्यापीठात जोसेफ ब्लॅक या रसायन शिकवणाऱ्या प्राध्यापकाने हा भेद ठामपणे मांडला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तेव्हा त्याला उष्णताही भरपूर लागणार असे मानणारे पंडित त्या काळी होते. प्रत्यक्षात सारख्या वजनाचे पाणी आणि पारा घेतले, तर पाऱ्याचे काम पाण्याच्या तिसाव्या हिश्शाच्या उष्णतेत भागते. शरीर मोठे आणि भूक चिमणीची, असे पाहुणे प्रत्येकाने पाहिलेले असतात. ब्लॅकने त्यांना शास्त्रात जागा दिली.

या भुकेलाच शाळेत 'विशिष्ट उष्माधारकता' म्हणतात. एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला किती कॅलरी लागतात, ते ती सांगते. पाण्याला १, अ‍ॅल्युमिनियमला ०.२१५, लोखंडाला ०.११, तांब्याला ०.०९, चांदीला ०.०५६. दहावीत हा तक्ता पाठ करताना त्याचा चहाशी संबंध आहे हे कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर तो लक्षात राहिला असता.

दिवाळीतल्या फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या वर असते, तरी हातावर पडली तर पोरे हसतात. उकळते पाणी जेमतेम शंभराचे, पण ते सांडले तर दवाखाना गाठावा लागतो. ठिणगीकडे तापमान आहे, ऐपत नाही. पाण्याकडे दोन्ही आहे.

४. 'फार' या पदाचे खंडन

येथे गणित अटळ आहे. चहा १५० ग्रॅम, तापमान ९० अंश. भांडे २५ अंशांचे. चहाला पाणीच समजू. काही घरी हे गृहीतक फारच अचूक ठरते.

पेला ८० ग्रॅमचा. स्टीलची उष्माधारकता ०.१२ च्या आसपास, म्हणजे सगळा पेला उष्णतेच्या हिशेबात दोन चहाच्या चमच्यांतल्या पाण्याएवढा. तो चहातून काय घेणार? चहा ९० वरून ८६ वर येतो.

चिनीमातीचा भरदार कप २५० ग्रॅमचा आणि त्याची धारकता ०.२१. चहा ओतताच तो ९० वरून ७३ वर! सतरा अंश कपाने गिळले. पाहुण्याने घोट घेण्याआधी कपाने नैवेद्य घेतलेला असतो. कप आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा असे जाणकार सांगतात ते याच कारणाने. घरच्या हावरट पोराला पंगतीआधी थोडे खाऊ घालतात, तसे.

तात्पर्य, फार उष्णता खातो तो कप. पेला अल्पसंतुष्ट आहे.

५. 'स्टील' या पदाचे खंडन

मग चटका कोणाचा? पाण्याचा. पेल्याची भिंत मिलिमीटरभरही जाड नाही आणि चिनीमातीपेक्षा स्टीलमधून उष्णता सुमारे दहापट सहज जाते. पेला हा नुसता दलाल: इकडचा माल तिकडे, स्वतःजवळ शिल्लक काही नाही. माल पाठवणारे पाणी मात्र कायम नामानिराळे राहते.

त्याचा दुसरा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. आमची आजी ओल्या फडक्याने कढई कोणाला उचलू द्यायची नाही. कोरडे फडके हात वाचवते ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. फडके ओले झाले की हवेच्या जागी पाणी येते, आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून अधिक सहज वाहते. येथेही लोक कढईला शिव्या देतात.

६. आक्षेप आणि परिहार

आक्षेप : मग उष्माधारकता पाहून भांडे निवडण्यात काय अर्थ?

परिहार : अर्थ आहे, पण वजनासकट पाहावे. ग्रॅमला ग्रॅम तोलले तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता धरते. तरी घावन काढायला बिडाचाच तवा हवा. कारण बिडाचा तवा दोन किलोंचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा अर्ध्या किलोचा. एकूण साठा पहिल्याचाच दुप्पट. गार पीठ पडले तरी बिडाचा तवा डगमगत नाही, शिलकीतून खर्च करतो. पातळ तवा म्हणजे महिनाअखेरीचा खिसा. पहिल्याच घावनाला रिकामा, आणि घावन चिकटलेले.

बंबाचा न्याय उलटा. तिथे भांड्याने स्वतः काही खाऊ नये. आठ किलो तांब्याच्या बंबात पंचवीस लिटर पाणी असेल, तर तांब्याच्या वाट्याला जेमतेम तीन टक्के उष्णता जाते. असा कारकून हल्ली मिळत नाही.

सोन्याचे काय? सोन्याची धारकता ०.०३, आणि उष्णता वाहण्यात ते स्टीलच्या वीसपट तरबेज. सोन्याची सुरी उरी मारून घेऊ नये हे आपल्याला ठाऊक होते. सोन्याचा पेला ओठी लावू नये, ही त्यात आमची भर.

७. सिद्धान्त

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. या म्हणीत आजवर भित्रेपणा पाहिला गेला. पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही : ते दूध कोणत्या भांड्यात होते?

स्टीलच्या पेल्यात असते तर तोंड पोळलेच नसते. ओठांच्या आधी बोटांनी ओरडा केला असता. तेव्हा दूध कानवाल्या कपात होते, हे उघड आहे. कपाचा कान गार, म्हणून दूधही गार, अशी त्या बिचाऱ्याची समजूत झाली. कप कानाने धरावा. त्याच्या कानावर विश्वास ठेवू नये.

पेल्याचा चटका हा दोष नव्हे, ती आगाऊ सूचना आहे. पेला मनातले लगेच बोलून टाकतो, म्हणून बदनाम होतो. कप गोड बोलून सतरा अंश खिशात घालतो, उरलेल्या त्र्याहत्तरांवर जीभ भाजतो आणि पाहुण्यांपुढे त्यालाच मान.

८. उपसंहार

काकांनी खाली ठेवलेला पेला दहा मिनिटांनी उचलला आणि चहा सुखाने संपवला. पुढे गुरुजी आले, पूजा झाली, आणि काकांनी प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला. वेलदोडा नेमका पडलाय म्हणाले.

प्रस्तुत लेखकाला कप मिळाला होता. त्या दिवशीचा शिरा कसा झाला होता, हे तो काकांच्या साक्षीवरूनच सांगू शकतो.