देव वेळेवर येतात

लोककला संमेलनात आम्हा तुळजापूरच्या गोंधळ्यांना बारा मिनिटं मिळाली. गोंधळ चालतो रात्रभर: गण, देवांना आवतण, आख्यान, शेवटी आरती. 'त्यातलं महत्त्वाचं तेवढं करा,' असं संयोजक म्हणाले. आख्यान महत्त्वाचं नव्हतं.

कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांना आम्ही संबळाच्या ठेक्यावर पाच मिनिटांत बोलावतो. एकाही देवाला शाल लागत नाही. व्यासपीठावरच्या मान्यवरांना मात्र पाऊण तास लागला. त्यातही एका पाहुण्यांचं नाव राहिलं, म्हणून सत्कार पुन्हा पहिल्यापासून.

दिवटी पेटवायला मनाई. मंडप कापडी आहे म्हणे. बदली एलईडीची दिवटी हातात दिली. सवयीनं तेलाची बुधली काढली, तर खाली बॅटरीचं झाकण!

दुपारी परिसंवाद होता, विषय गोंधळाच्या अखेरच्या घटकेचा. वक्ते अगदी कळवळून बोलत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. कळंबचं लग्नघर होतं, गोंधळाची सुपारी द्यायची होती. लग्नसराईत एक रात्र मोकळी नाही, कुठून देणार तारीख? नाही म्हणून आत आलो, तोवर आम्हाला वाचवायला समिती नेमून झाली होती. तीत गोंधळी कुणी नव्हता.

मानधनाच्या कागदावर वाद्याचं नाव 'तबला' छापलं होतं. मी संबळ टेबलावर ठेवला, काड्या दाखवल्या, एक घाव वाजवलाही. कारकुनानं मान वर केली नाही.

"यादीत संबळ नाही. पॅन कार्डाची झेरॉक्स आणलीय का?"