घरच्यांसाठी परवाना नको
   अश्रुधूर बनवण्याचा मान मध्य प्रदेशातल्या टेकनपूरचा, सीमा सुरक्षा दलाच्या कारखान्याचा.

२०१९ मध्ये अमेरिकेनं कायदा करून हाँगकाँग पोलिसांना अश्रुधूर आणि रबरी गोळ्या विकायला बंदी घातली. पुढच्याच जुलैत पोर्टलंडमध्ये स्वतःच्या नागरिकांवर तोच धूर सोडला. घरच्यांना द्यायला निर्यात परवाना कशाला? १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार हा धूर युद्धात वापरता येत नाही, देशातल्या जमावावर चालतो. त्यापेक्षा शत्रू झालेलं परवडलं! २०२४ च्या फेब्रुवारीत पंजाब-हरियाणामधल्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. निर्यातबंदीचा प्रश्नच आला नाही.