इंटर्न बंड्या

बंड्याला 'सध्या काय चाललंय?' असं कधी विचारू नये. आपण सवयीनं विचारतो, 'बरं चाललंय' एवढ्या उत्तराची अपेक्षा असते आणि एक पाय चपलेत असतो. बंड्या मात्र या प्रश्नाला मुलाखत समजतो. घसा साफ करतो आणि अंगठ्यापासून मोजायला लागतो. 'एक रिमोट इंटर्नशिप चालू आहे, एक हायब्रिड आहे, एक पार्ट-टाइम प्रोजेक्ट आहे, फर्स्ट इयरच्या पोरांचं मेंटॉरिंग आहे, शिवाय एका ठिकाणी कॅम्पस ॲम्बॅसडर...' एक हात संपतो, दुसरा लागतो. आपण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत हे सांगायचं तेवढं राहून जातं. आठवण करून दिली तर म्हणतो, 'हो हो, कॉलेज पण आहे.'

बंड्या हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पुण्यात कर्वेनगरला आमच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांत हा इसम दर दोन-तीन वर्षांनी नव्या नावानं येतो, म्हणून मी सोयीसाठी एकच नाव ठेवलंय. गाव बदलतं. लॅपटॉपच्या पाठीवरचे स्टिकर, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि जिन्यात उभं राहून 'ॲम आय ऑडिबल?' असं ओरडणं बदलत नाही. जिन्यातच का, तर रेंज तिथेच येते. रोज सकाळी दहाला त्याची 'स्टँड-अप' नावाची मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार आणि अडलंय कुठे, एवढंच त्यात सांगायचं असतं. बाकीचे सगळे गादीवर लोळत सांगत असावेत. खऱ्या अर्थानं उभा फक्त आमचा बंड्या, तोही पायरीवर, दूधवाल्याला वाट देत.

सध्याचा बंड्या बार्शीचा. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, खतं-बियाण्यांचं दुकान आहे. पहिली इंटर्नशिप लागली तेव्हा त्यानं आप्पांना फोन केला तो याच जिन्यातून, त्यामुळे तो आम्हा उभयतांना ऐकणं भाग पडलं.

'आप्पा, इंटर्नशिप मिळाली.'

'ब्येस. पगार किती?'

'पगार नसतो ओ यात. एक्स्पिरियन्स मिळतो. आणि शेवटी सर्टिफिकेट.'

'बरं, सर्टिफिकीट तर देत्यात.'

'त्याला थोडे पैसे भरावे लागतात.'

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आप्पांचा आवाज फोनबाहेर आला. 'म्हंजी काम तू करायचं आन पैसं बी तूच द्यायचं? आरं मग दुकानात यिऊन बस की! हितं सर्टिफिकीट फुकाट दितो.'

आप्पांना ही व्यवस्था समजली नाही यात त्यांचा दोष नाही. मी आयुष्यभर बँकेत होतो, मलाही समजायला वेळ लागला. फॉर्म भरला की चहा गाळून होईपर्यंत ऑफर लेटर येतं. त्यात, असंख्य अर्जांतून आपली निवड झाली आहे, असं लिहिलेलं असतं; नाकारला गेलेला एकही अर्जदार मात्र मला अजून भेटलेला नाही. मग महिनाभरात तीन कामं करायची. एक कॅल्क्युलेटर बनवायचा, एक फुली-गोळ्याचा खेळ आणि एक वेबसाइटचं पहिलं पान. हिंदुस्थानात दर महिन्याला असे किती कॅल्क्युलेटर जन्माला येत असतील आणि त्यांवर कोण बेरजा करत असेल, देव जाणे. पण खरं काम त्याआधीचं. ऑफर लेटर लिंक्डइनवर टाकायचं, कंपनीला टॅग करायचं आणि वर 'थ्रिल्ड टू अनाउन्स' लिहायचं. बंड्यानं लिहिलं. खाली 'काँग्रॅट्स ब्रो'ची रांग लागली. रांगेतल्या प्रत्येकाला त्याच कंपनीचं तेच पत्र आलेलं होतं. संध्याकाळभर बंड्या एकेकाच्या पानावर जाऊन उलट 'काँग्रॅट्स ब्रो' लिहीत बसला. एवढ्या वेळात आणखी एक कॅल्क्युलेटर झाला असता.

आप्पा गप्प बसणारे नव्हेत. त्यांनी वर्तमानपत्रातली कात्रणं पाठवायला सुरुवात केली. २०२४च्या अर्थसंकल्पात केंद्रानं जाहीर केलेली योजना, पहिल्या पाचशे कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिना ५,००० रुपये. त्याच वर्षी आलेली राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोकांनी 'लाडका भाऊ' करून टाकलं. बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. बंड्यानं दोन्हीकडच्या अटी वाचल्या. पूर्णवेळ शिक्षण चालू असलेला उमेदवार दोन्हीकडे चालत नव्हता. इकडे विद्यापीठाच्या २०१९च्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप हा विषयच आहे, क्रेडिटसकट. म्हणजे शिकतोय म्हणून सरकारी इंटर्नशिप नाही आणि इंटर्नशिप नाही तर शिकणं पुरं होत नाही. हे आप्पांना फोनवर समजावून सांगायचा बंड्यानं प्रयत्न केला. आप्पांनी फोन आईकडे दिला.

मग बंड्यानं जमेल तिथे हात घातला. जुन्या पुण्यात गरिबाघरची मुलं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. बंड्यानं इंटर्नशिपचे वार लावले. फरक इतकाच, की तेव्हा पानात काहीतरी पडायचं.

आठवड्यातले तीन वार बाणेरच्या एका स्टार्टअपचे होते. तीन खोल्यांचा फ्लॅट आणि सात माणसं. त्यांतले चौघे संस्थापक, दोघे इंटर्न, आणि उरलेला एक चहा करायचा; पगार वेळेवर फक्त त्यालाच मिळायचा. मुख्य संस्थापक बंड्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठा, पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला आपल्याच घरात परकं वाटावं. स्टायपेंडचा विषय निघाला की तो म्हणे, 'भाई, फंडिंग येऊ दे.' फंडिंग मान्सूनसारखं दर आठवड्याला केरळपर्यंत येई आणि तिथेच रेंगाळे. बंड्या शुक्रवारी रात्री कोड चढवी, शनिवारी सगळं बंद पडे आणि रविवारी तो जिन्यात बसून ते निस्तरी. इन-सेमच्या परीक्षेदिवशी तिथे डेमो होता. तीस मार्कांचा पेपर त्यानं अर्ध्या तासात सोडवला आणि चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये दीड तास उभा राहिला. डेमो पुढे ढकलल्याचा मेसेज तिथेच आला. कॉलेजात तोवर पंचाहत्तर टक्क्यांखाली हजेरी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली होती. त्यात बंड्याचं नाव पहिल्या पाचांत. त्याच्या त्या वर्षाच्या सगळ्या याद्यांपैकी गुणवत्तेनं मिळवलेली जागा हीच.

'कमवा व शिका'त का जात नाहीस, असं मी एकदा सुचवलं. कर्मवीर भाऊरावांच्या नावानं विद्यापीठात ती योजना आहे. त्याच्याच खोलीतला एक मुलगा त्यात कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करतो आणि तासाचे ठरलेले पैसे घेतो. बंड्या म्हणाला, 'काका, त्यात टेक नाही.' तो ग्रंथालयवाला मुलगा बंड्याला महिनाअखेरीला उसने पैसे देतो. त्यात टेक आहे, यूपीआयनं देतो.

ओपन सोर्स नावाचंही एक प्रकरण असतं. जगभरातले लोक चकटफू सॉफ्टवेअर लिहितात, त्यात आपणही हातभार लावायचा. गूगलचा 'समर ऑफ कोड' २००५पासून चालू आहे. त्यात अनुभवी मेंटॉर असतो आणि काम पास झालं तर डॉलरही मिळतात. बंड्यानं लांबलचक प्रस्ताव पाठवला, तो नापास झाला. याबद्दल तो फारसं बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. दुसरा उपक्रम 'हॅक्टोबरफेस्ट'. २०२० साली तिथे चार सुधारणा पाठवल्या की टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षीचा आमचा बंड्या करोनामुळे गावी होता. त्यानं चार अनोळखी प्रकल्पांच्या माहितीपत्रकांत चार ठिकाणी 'अमेझिंग' हा शब्द घातला. असेच बंड्ये हजारोंनी निघाले, प्रकल्पवाल्यांच्या नाकी नऊ आले आणि आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावे लागले. ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी तसं सांगावं, तिथेच पाठवाव्यात. टी-शर्ट पुढे केव्हातरी कुरिअरनं आमच्या पत्त्यावर आला. बंड्या तोवर खोली सोडून गेला होता. आमच्या हिनं तो बरीच वर्षं स्कूटर पुसायला वापरला, कापड उत्तम होतं. २०२३ साली शर्टांऐवजी डिजिटल बॅज दिले. त्यानं स्कूटर पुसता येत नाही.

मेंटॉरिंग आमच्या गच्चीवर चालतं. पहिल्या वर्षाची पोरं पाण्याच्या टाकीला टेकून वह्या उघडून बसतात आणि बंड्या येरझारा घालत बोलतो.

'दादा, आधी सी करू का पायथन?'

'लँग्वेज महत्त्वाची नाही. फंडामेंटल्स पक्के पाहिजेत.'

पोरं 'फंडामेंटल्स' लिहून घेतात.

'दादा, लीटकोड रोज किती?'

'आकडा महत्त्वाचा नाही. कन्सिस्टन्सी.'

पोरं 'कन्सिस्टन्सी' लिहून घेतात. एकदा मागच्या रांगेतल्या एका लातूरच्या पोरानं विचारलं, 'दादा, तुला महिन्याला किती भेटतेत?' सगळ्या माना एकदम वर आल्या. काय महत्त्वाचं नाही ते बंड्याला पटकन सुचेना. 'लर्निंग कर्व्ह बघायचा असतो,' एवढं म्हणून तो पाणी प्यायला खाली आला, तो आमच्या स्वयंपाकघरात बराच वेळ थांबला.

त्याचाही एक मेंटॉर आहे. बीईचा मुलगा, शेजारच्याच खोलीत राहतो आणि स्वतः नोकरी शोधतोय. त्याचा मेंटॉर बंगळुरूला असतो आणि प्रत्येक प्रश्नाला अंगठ्याचं चित्र पाठवतो. साखळी पुढे कुठवर जाते ते माहीत नाही.

या सगळ्या धामधुमीत बंड्यानं एक काम चक्क केलं. कोपऱ्यावरच्या मेसच्या मावशींकडे खाड्यांची वही होती. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, मेसला न जेवलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि महिन्याच्या बिलातून त्याचे पैसे वजा होतात. साठ पोरांचे खाडे, लाल पेनाच्या फुल्या, महिनाअखेरीला भांडणं. मावशी म्हणाल्या, 'तू कॉम्प्युटरचा ना रे? मग हे मोबाइलवर करून दे.' बंड्यानं एका रात्रीत करून दिलं. पहिल्या महिन्याचं बिल निघालं तेव्हा कळलं, की ॲपनं दर रविवारची रात्र सगळ्यांचा खाडा धरलाय. पुण्यात रविवारी रात्री मेस बंद असते हे चुलीपासून चपलेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, ॲपला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या पोराकडून मावशींना दोन महिन्यांची बाकी यायची होती त्याच्याही बिलातून पैसे वजा झाले. पोरं मोबाइल पुढे करून रांगेत उभी. 'मावशी, सिस्टिममध्ये दिसतंय.'

'दिसंना का!' मावशी म्हणाल्या. 'रविवारी दुपारी फीस्टला बासुंदीच्या चार-चार वाट्या हाणल्या, त्या दिसतात का सिस्टिममध्ये?'

बंड्या दोन दिवस तव्याशेजारी स्टूल टाकून बसला. मावशी पोळ्या लाटता लाटता नियम सांगत गेल्या. एका वेळचा खाडा धरत नाही, लागोपाठ दोन दिवस हवेत. आदल्या रात्री सांगितलं तरच. पाहुण्याचं ताट वेगळं. आजारी पोराला खिचडी दिली तर ते जेवणच. दिवाळीत मेस बंद, त्याचे पैसे कुणी मागू नयेत. गरीब पोर असेल तर मावशी म्हणतील तो आकडा. हा शेवटचा नियम कोडमध्ये कसा बसवायचा याचा त्यानं रात्रभर विचार केला आणि सरळ एक रिकामा रकाना ठेवला, त्यात मावशींनी हवं ते लिहावं. निघताना मावशींनी विचारलं, 'आणि हे बंद पडलं तर?' बाणेरच्या फ्लॅटमध्ये वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. बंड्या परत स्टुलावर बसला आणि रोजचा हिशेब कागदावर निघेल अशी सोय केली. मावशींनी त्याचं एका महिन्याचं जेवण माफ केलं. त्या वर्षातली त्याची ही एकमेव कमाई, आणि ती पोळी-भाजीत मिळाली.

मी त्याचा रेझ्युमे वाचला. पहिल्या पानावर कॅल्क्युलेटर होता. मेस कुठेच नव्हती. 'मेस काय लिहायची काका, लोक हसतील,' तो म्हणाला. आठवड्यानं सुधारित प्रत दाखवायला आणली. त्यात 'फूड-टेक क्षेत्रातील एंड-टु-एंड बिलिंग प्लॅटफॉर्म, साठहून अधिक ॲक्टिव्ह युजर्स' असं आलं होतं आणि मावशी 'की स्टेकहोल्डर' झाल्या होत्या. मावशींना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी, हे चांगलं आहे की वाईट, एवढंच विचारलं.

आप्पांना आता दुकानाच्या उधारीची वही मोबाइलवर हवी आहे. बंड्यानं त्यांना 'सध्या बँडविड्थ नाही' असं कळवलंय, वही अजून वहीच आहे. पण ओळखीत कुणाची मेस, दूध डेअरी, अभ्यासिका असेल आणि हिशेबाचा घोळ होत असेल, तर मला जरूर कळवा. मुलगा कामाचा आहे, रविवारी रात्रीचंही त्याला आता समजतं. पैसे मात्र तुम्हीच आधी ठरवून टाका. तो मागणार नाही, वर्षभरात ती सवय गेलीय.