आधीच ओळखणारा वाचक

रहस्यकथा वाचणारे लोक महाराष्ट्राच्या सर्वच जिल्ह्यांत आढळतात. तथापि परभणी जिल्ह्यात त्यांचा जो एक पोटप्रकार विशेष पोसलेला दिसतो, त्याला ‘आधीच ओळखणारा’ असे नाव देणे सोयीचे ठरेल. जिच्यात गुन्हा आरंभी घडतो, गुन्हेगार शेवटी कळतो आणि मधल्या सर्व पानांत तो कळू नये म्हणून लेखक झटतो, ती रहस्यकथा होय. सामान्य वाचक या झटापटीत हरण्यासाठीच पैसे मोजतो. आधीच ओळखणारा वाचक हरायला तयार नसतो, आणि बहुधा पैसेही मोजत नाही. “हे तर आपल्याला दुसऱ्याच प्रकरणात कळलं होतं,” हे पुस्तक मिटल्यावर त्याच्या तोंडून निघणारे वाक्य त्याची अचूक खूण आहे. पुस्तक मिटण्यापूर्वी ते निघाल्याचे मात्र कोणाच्या ऐकिवात नाही.

हा वाचक परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा अशा सर्व तालुक्यांच्या गावी सापडतो आणि तो निवृत्त तलाठी, शाळेतील गुरुजी, औषधविक्रेता, वकिलाचा कारकून किंवा रेल्वेतील कर्मचारी असू शकतो. त्याच्या स्वभावाची दोन टोके या जिल्ह्याविषयीच्या दोन प्रसिद्ध म्हणींत आयतीच सापडतात. अंदाज खरा ठरला, की ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीतला अभिमान त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. अंदाज चुकला, की ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या म्हणीतली निर्धास्त वृत्ती त्याच्या मदतीला धावते, आणि चूक आपली नसून लेखकाची आहे असे सिद्ध करण्यास तो मोकळा होतो.

आवडीनिवडीच्या दृष्टीने या वाचकांत अनेक पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार असला तरी पुस्तकव्यवहार फारसा नाही. सर्वांत ज्येष्ठ तो झुंजारपंथ. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) या नावाने चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय अशी पात्रे मराठी घरांत वाढवली. कायद्याच्या कुंपणावर उभे राहून दुष्टांना लुबाडणारा नायक या पंथाला पूज्य असून, अर्नाळकरांनंतर जे छापले गेले ते सर्व कागदाचा अपव्यय होय, असे त्याचे ठाम मत आहे. दुसरा पंथ सत्तर-ऐंशीच्या दशकांतील तरुणांचा, म्हणजे आजच्या ज्येष्ठ नागरिकांचा. त्याच्या एका शाखेचे दैवत गुरुनाथ नाईक असून कॅप्टन दीप किंवा मेजर अविनाश भोसले यांचे नाव काढताच तिचे अनुयायी खुर्चीत ताठ बसतात; दुसऱ्या शाखेचे दैवत सुहास शिरवळकर (१९४८–२००३) असून फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन यांच्यात श्रेष्ठ कोण, हा तिच्यातील वाद आजही मिटलेला नाही. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ ही कादंबरी उर्वरित महाराष्ट्राने डोक्यावर घेतली असली, तरी या शाखेचे कडवे अनुयायी तिला लेखकाने कामातून घेतलेली किरकोळ रजा समजतात.

तिसरा पंथ अनुवादांचा. शेरलॉक होम्स आणि अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या मराठी अनुवादांवर पोसलेला हा वाचक बाकीच्यांकडे किंचित वरून पाहतो आणि परभणीच्या उन्हाळ्यातही लंडनच्या धुक्याविषयी अधिकारवाणीने बोलतो. चौथा पंथ दूरचित्रवाणीचा. तो १९८५ मधील ‘करमचंद’पासून सुरू होतो, १९९३ मधील ‘ब्योमकेश बक्षी’पाशी प्रौढ होतो आणि १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’त स्थिरावतो. ओळखीचा नट क्षुल्लक भूमिकेत दिसला की तोच गुन्हेगार, हा त्याचा सिद्धांत साहित्यशास्त्रात बसत नसला तरी बऱ्याचदा खरा ठरतो. याखेरीज एक जुनी धारा आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तेथील सरकारी व शैक्षणिक व्यवहार उर्दूत चालत असल्यामुळे, १९५२ पासून निघू लागलेल्या इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’ या उर्दू रहस्यकथामालेचे दार त्या काळात शिकलेल्या पिढीला अनुवादाविना उघडे होते. या धारेतील वृद्ध वाचक मराठी रहस्यकथेवर थेट टीका करीत नाही. तो केवळ इब्ने सफींचे नाव घेऊन सुस्कारा सोडतो, आणि झुंजारपंथीयांना तीच टीका सर्वांत झोंबते.

या सर्व पंथांचे एकमत होते ते फक्त भुतांच्या बाबतीत. ज्या कथेत भीती अमानवी शक्तीपासून उपजते ती भयकथा, आणि नारायण धारप (१९२५–२००८) हे तिचे मराठीतील मान्यवर लेखक. आधीच ओळखणाऱ्या वाचकाला धारपांविषयी आदर असतो, पण जिव्हाळा नसतो. भुताला मृत्युपत्रात वाटा नसतो, गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करण्याची त्याला गरज नसते आणि ते बंद दारातून जात असल्यामुळे कडीकोयंड्याचा तपास व्यर्थ ठरतो. अशा गुन्हेगाराला आधी ओळखण्यात कसले कौशल्य, असा त्याचा रास्त प्रश्न असतो.

या वाचकाचे परीक्षण बहुतांशी त्याच्या व्यवसायातून येते. तलाठी राहिलेला वाचक वारसाहक्कासाठी झालेल्या खुनात प्रथम सातबारा पाहतो, म्हणजे जमिनीचा मालक आणि तिच्यावरील पीक यांची नोंद असलेला उतारा मनातल्या मनात मागवतो, आणि फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, झालाच नसेल तर खून करून काय उपयोग, असा आक्षेप घेतो. औषधविक्रेत्याला चहातून दिलेल्या विषाची चव लागली कशी नाही हे पटत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आसपास वावरलेला वाचक कीटकनाशकाचे नाव आणि मात्रा लेखकाने दिली नाही म्हणून पुस्तकाला अपुरे ठरवतो. पूर्णा जंक्शनवरचा रेल्वेवाला तर कथानकाकडे पाहतच नाही. नायक मराठवाड्यातून रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचला, की गाडी कोणती आणि मनमाडला ती बदलली कधी, हे तो विचारतो, कारण नव्वदच्या दशकात लोहमार्ग रुंद होईपर्यंत हा बदल चुकत नव्हता हे त्याला ठाऊक असते. परिणामी एकच कादंबरी चार वाचकांनी वाचली, तर चौघेही तिला चार भिन्न कारणांनी नापास करतात आणि चौघेही तिचा पुढचा भाग आला का, अशी चौकशी करतात.

लेखकाने वाचकाशी सचोटीने वागावे, म्हणजे गुप्तहेराला मिळालेला प्रत्येक धागा वाचकालाही दाखवावा, ही अपेक्षा जगभर मान्य आहे. अमेरिकन लेखक व्हॅन डाइन याने १९२८ मध्ये या सचोटीचे वीस नियम आणि इंग्रज धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. नोकर हा खुनी असू नये हा पहिल्याचा, आणि एकाहून अधिक गुप्त वाटा असू नयेत हा दुसऱ्याचा एक नियम. परभणीच्या वाचकाने लेखकासाठी हे नियम तत्काळ मान्य केले असते. स्वतःसाठी मात्र त्याने एकच नियम ठेवला आहे, तो म्हणजे प्रत्येक पात्रावर पाळीपाळीने संशय घेणे. पहिल्या प्रकरणात पुतण्या, दुसऱ्यात डॉक्टर, तिसऱ्यात कारभारी, चौथ्यात विधवा, अशा रीतीने सर्वांची हजेरी झाली, की त्यांतला एक जण शेवटी गुन्हेगार निघतोच. मग बाकीचे संशय विस्मृतीत जातात आणि खरा ठरलेला तेवढा एक उरतो. लेखक वाचकाला चुकवण्यासाठी जो खोटा माग पेरतो, त्याची या पद्धतीपुढे मात्रा चालत नाही, कारण हा वाचक त्या मागावर जातो, परत येतो आणि आपण गेलोच नव्हतो असे सांगतो. ख्रिस्तीबाईंच्या १९२६ मधील रॉजर अ‍ॅक्रॉइड खून प्रकरणाचा शेवट वाचून इंग्लंडात फसवणुकीची ओरड झाली होती. तोही शेवट जिल्ह्यातील अनुवादपंथीयांनी, अर्थात दुसऱ्याच प्रकरणात, ओळखलेला आहे. त्याच अ‍ॅक्रॉइडला कोणी मारले याची फिकीर कोण करतो, असा प्रश्न एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये जाहीरपणे विचारला. आधीच ओळखणाऱ्याचे उत्तर असे, की कोणी मारले ही बाब गौण असून कोणाला आधी कळले हीच मुख्य होय.

पुस्तके दिवसाच्या भाड्याने देणारी वाचनालये जोवर गल्लोगल्ली होती, तोवर या वाचकाला आपला दावा नोंदवण्याचे एक लेखी साधनही उपलब्ध होते. तो पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर पेन्सिलीने ‘खुनी वकील आहे’ असे लिहून ठेवी, आणि पुढच्या वाचकाचे दोन दिवसांचे भाडे क्षणात पाण्यात जाई. याच जातीचा दुसरा वाचक त्याखाली ‘खोटे आहे’ असे लिही. त्यामुळे वकिलावरचा संशय पुन्हा जिवंत होऊन पुस्तक वाचनीय बनत असे, आणि मूळ लेखकाला न साधलेला खोटा माग अशा रीतीने वाचकांच्या सहकार्यातून तयार होई. भाडे वाचवण्यासाठी शेवटचे प्रकरण दुकानातच उभ्याने वाचणारेही याच वर्गातले. त्यांचा आधीच ओळखल्याचा दावा काटेकोरपणे पाहता खराच मानावा लागतो.

येथवर हा वाचक निरुपद्रवी आणि सुखी दिसतो, आणि त्याच्या सुखाचे एक कारण भूगोल हे आहे. मराठी रहस्यकथेतील खून प्रायः मुंबईच्या बंगल्यांत, क्लबांत आणि समुद्रकाठी होत आले. परभणीला समुद्र नाही, आणि जो खून इतक्या दूर होतो तो ओळखायला सोपा आणि पचायला हलका असतो. परंतु १९७२ ते १९७४ या काळात, दुष्काळाच्या झळा ताज्या असताना, याच जिल्ह्यातील मानवत या कापसाच्या बाजारपेठेच्या गावात आणि परिसरात स्त्रिया व लहान मुली यांचे एकामागून एक खून झाले. स्थानिक तपास अडल्यावर मुंबईहून रमाकांत कुलकर्णी हे पोलीस अधिकारी आले, ज्यांनी १९६८ मधील रामन राघव या खुन्याच्या प्रकरणाचा तपास केला होता; आणि गुप्तधनाच्या लालसेने नरबळी दिले गेल्याचा आरोप न्यायालयापुढे मांडला गेला. एखाद्या लेखकाने हे कथानक जुळवले असते, तर जिल्ह्यातील चारही पंथांनी ते अतिरंजित म्हणून परत केले असते.

आधीच ओळखणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते. त्या काळात जाणता असलेला कोणताही वाचक मानवतविषयी बोलताना आपले ठरलेले वाक्य उच्चारत नाही. यामागे दुःख आणि भय आहेच, पण तर्कही आहे. कादंबरीत आधी ओळखणे शक्य होते, कारण तेथे शेवटचे पान कोणीतरी आधीच लिहिलेले असते. मानवतच्या गल्ल्यांत तसे पान कोणाजवळही नव्हते, आणि सर्वांवर पाळीपाळीने संशय घेण्याच्या पद्धतीने तेथे शेजारी शेजाऱ्याला पारखा झाला असता. शिवाय कादंबरीतला खुनी आधी ओळखला असे म्हणणे ही फुशारकी असते. गावातला खुनी आधी ओळखला असे म्हणणे ही ओळखूनही गप्प बसल्याची कबुली ठरते, आणि वकिलाच्या कारकुनाला तर या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

याच प्रकरणाच्या आधारे अमोल पालेकर यांनी १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून ‘आक्रीत’ हा चित्रपट काढला, आणि २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. या मालिकेच्या निमित्ताने तरुण पिढीतील आधीच ओळखणारे पुन्हा बोलू लागले: बोली परभणीची वाटत नाही, वाडा या भागातला नाही, आणि खरा सूत्रधार कोण हे पहिल्याच भागात कळते. यांपैकी शेवटच्या आक्षेपाला उत्तर देणे कठीण आहे, कारण तो सूत्रधार शोधण्यासाठी कोणाला तरी मुंबईहून यावे लागले होते. तरीही या तरुणांना दोष देता येत नाही. खरा गुन्हा कोणालाच आधी कळत नाही, ही गोष्ट ज्या जिल्ह्याने इतक्या जवळून पाहिली, त्याने खोट्या गुन्ह्यांत सर्वज्ञ होण्याचा हट्ट धरावा हे स्वाभाविक आहे. आणि प्रस्तुत विवेचनाचा हा निष्कर्ष आपल्याला दुसऱ्याच परिच्छेदात कळला होता, असे म्हणणारा वाचकही त्याच जिल्ह्यात निघेल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही.