रिकाम्या डबीचा अभावविचार

ऑनलाइन लिलावांच्या युद्धस्मृती-दालनात पदके असतात, बिल्ले असतात, तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांपासून केलेल्या फुलदाण्याही असतात. परंतु तिथली खरी बहुसंख्य प्रजा म्हणजे पितळेची एक चपटी डबी. पाचव्या जॉर्जची सतरा वर्षांची कन्या मेरी हिच्या नावाने १९१४ साली निधी उभारला गेला, त्यात १,६२,५९१ पौंड जमले आणि त्यातून पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना नाताळची भेट म्हणून ही डबी गेली. लांबी पाच इंच, रुंदी सव्वातीन. झाकणावर मधोमध राजकन्येचा चेहरा, भोवती मित्रराष्ट्रांची नावे. वाटप संपेपर्यंत अशा २५ लाखांहून अधिक भेटी गेल्या. इतक्या विपुल वस्तूला ‘दुर्मीळ’ म्हणण्याचे धैर्य फक्त विक्रेत्यांमध्ये आढळते.

प्रस्तुत प्रबंधाचा विषय मात्र डबी नसून तिच्यातली पोकळी हा आहे. लिलावात येणाऱ्या बहुतेक डब्या रिकाम्या असतात, आणि या रिकामेपणाची शास्त्रशुद्ध मीमांसा अद्याप कोणी मनावर घेतलेली नाही. वास्तविक साधने आपल्या घरातच आहेत. वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानून त्याचे चार प्रकार केले, आणि ‘जमिनीवर घट नाही’ एवढ्या भांडवलावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. ही डबी हाती लागती तर त्यांनी घट केव्हाच सोडला असता.

पहिला विचार प्रध्वंसाभावाचा, म्हणजे वस्तू होती आणि नष्ट झाली. धूम्रपान करणाऱ्या ब्रिटिश सैनिकाला पाइप, लायटर, एक औंस तंबाखू आणि २० सिगारेटी मिळाल्या. त्याने त्या ओढल्या, आणि तेवढ्यानेच शंभर वर्षांनंतरच्या लिलावातली आपली किंमत धुळीला मिळवली. न ओढणाऱ्याला आंबट गोळ्या आणि लेखनसाहित्य, परिचारिकांना चॉकलेट. आजही एखादी डबी सिगारेटींसकट विक्रीला येते तेव्हा बोली चढते. यावरून सिद्धान्त असा की, लिलावातला भाव मूळ मालकाच्या उपभोगाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जो स्वतः ओढत नाही आणि दुसऱ्याला देतही नाही, असा चिक्कू शिपाई हाच संग्राहकांचा खरा कुलपुरुष होय.

हिंदी सैन्याच्या बाबतीत निधी-समितीने बराच सूक्ष्म विचार केला होता. गुरख्यांना गोऱ्यांप्रमाणेच सगळे. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून पितळी डबीत खडीसाखर आणि सोबत मसाल्याची पत्र्याची डबी. इतर हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर व मसाला. फ्रान्सच्या चिखलात मसाला पाठवणे हा त्या युद्धातल्या मोजक्या शहाण्या निर्णयांपैकी एक. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या, ज्यांत मराठेही होते, ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह शापेलला लढल्या. तिथून जे मराठे वाचले ते या तिसऱ्या वर्गात मोडले. आता, खडीसाखर मराठी माणसाच्या हातावर पडली की पहिली क्रिया हात कपाळाला लावण्याची, दुसरी तोंडात टाकण्याची. तिसरी क्रिया शास्त्राला ठाऊक नाही. तेव्हा खडीसाखरेचा प्रध्वंसाभाव हा सर्वांत परिपूर्ण समजावा.

प्रागभाव म्हणजे वस्तू अजून झालेलीच नाही. नाताळपर्यंत जेमतेम सव्वाचार लाख लोकांपर्यंत भेट पोचली. पितळ दारूगोळ्याला हवे होते. अमेरिकेहून मागवलेल्या पितळी पट्ट्यांचा मोठा साठा मे १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाला. उरलेल्यांना डबी पुढे केव्हातरी मिळाली, झाकणावर मात्र ‘ख्रिसमस १९१४’च. ‘पहिल्या नाताळाला खंदकात उघडलेली’ असे वर्णन वाचताना एवढे स्मरावे.

अत्यंताभाव म्हणजे वस्तू कधी नव्हतीच आणि असणारही नाही. त्याला उदाहरण भिस्त्याचे. त्याच्या वर्गाला नियमाप्रमाणे नुसती मसाल्याची डबी आणि भेटीसोबतचे नाताळचे कार्ड. पितळेचे नाव नाही. ‘भिस्त्याला मिळालेली पितळी डबी’ असे कोणी लिहिले तर ती बोलीला नव्हे, तर्कशास्त्राच्या वर्गाला योग्य.

अन्योन्याभाव म्हणजे घट हा पट नव्हे, आणि नवी नक्कल ही जुनी डबी नव्हे. चकाकीवरून फरक कळेल असे नवशिक्यांना वाटते. पण अस्सल डब्याही लोकांनी घासघासून लखलखीत केल्या आहेत. विलायती विक्रेता ‘कधीही न घासलेली’ असे अभिमानाने लिहितो. आपल्याकडे पितळेविषयी असे बोलणे म्हणजे त्या घराची बेअब्रू. चिंच आणि मीठ यांच्यापुढे राजकन्येचे नाक फार वर्षे टिकत नाही. म्हणून जाणकार आधी नाक पाहतो.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो बहुधा स्वयंपाकघरातून येतो: श्रीखंडाचे रिकामे डबे फळीवर मावत नसताना आणखी एक रिकामी डबी, तीही पैसे मोजून? हा पक्ष प्रबळ आहे. विलायतेतला रविवारचा लिलाव रात्री आठला संपतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजलेला असतो, आणि शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकण्यासाठी जागणाऱ्याला अशा वेळी उत्तर सुचत नाही. तरी उत्तर आहे. श्रीखंडाचा डबा कधीच रिकामा राहत नाही, त्यात लगेच मेतकूट जाते. सैनिकांनीही तेच केले. तंबाखू संपल्यावर डबीत किरकोळ चीजवस्तू ठेवल्या. वारसाने त्या ओतून काढल्या, मूळ कार्ड वेगळ्या लिलावात घातले आणि डबी ‘स्वच्छ’ म्हणून विकली. या विक्रेत्याने केलेल्या अभावाला शास्त्रात अजून नाव नाही. संग्राहक मग डबी एकाकडून, कार्ड दुसऱ्याकडून आणि सिगारेटी तिसऱ्याकडून घेऊन दोन-तीन वर्षांत समितीचे काम पुन्हा पार पाडतो.

व्यवहारापुरती एक सूचना. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक वस्तूसाठी शंभर वर्षांची अट आहे, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. डबी तर शंभरी ओलांडून बसलेली. पुण्यात आलेली डबी लंडनच्या गिऱ्हाइकाला परत विकून पैसे मोकळे करू, असा हिशेब कोणी करत असेल तर तो बोली लावण्याआधी करावा, रात्री दीडला नव्हे.